वॉर्डाचे आकडे, वस्तीचे आरोग्य

एखाद्या ठरावीक भागातल्या लोकांचे जन्म, मृत्यू, आजार आणि लसीकरण, तसेच तिथले पाणी, हवा, डास आणि उंदीर यांच्या नियमित नोंदींना स्थानिक आरोग्यमाहिती म्हणतात. देशाची किंवा राज्याची सरासरी धोरण आखायला पुरते. पण फवारणी कोणत्या गल्लीत करायची, गोळ्यांचा साठा कोणत्या दवाखान्यात वाढवायचा, पाण्याची टाकी पाहायला कोणत्या गच्चीवर चढायचे, हे सरासरीतून कळत नाही. त्यासाठी वॉर्डाचा आणि वॉर्डातही वस्तीचा आकडा हाती असावा लागतो. शिवाय त्या आकड्यावर ठरावीक मुदतीत काही करणे ज्याला बंधनकारक आहे, असा माणूस किंवा खाते असावे लागते. मुंबईच्या उपनगरांत या दोन्ही गोष्टी कुठे जुळल्या आणि कुठे निसटल्या, याची बरीच उदाहरणे सापडतात.

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजारांच्या घरात होती. आरोग्यसेवेचा कारभार मात्र जिल्ह्याऐवजी महापालिकेच्या वॉर्डांवर चालतो. बृहन्मुंबईचे दीर्घकाळ २४ वॉर्ड होते. अलीकडे मालाडच्या पी उत्तरसारख्या फुगलेल्या वॉर्डाचे विभाजन झाले. अंधेरी पूर्व म्हणजे के पूर्व, अंधेरी पश्चिम म्हणजे के पश्चिम, बोरिवली म्हणजे आर मध्य, घाटकोपर म्हणजे एन आणि मुलुंड म्हणजे टी वॉर्ड. प्रत्येक वॉर्डाला आरोग्य वैद्यकीय अधिकारी असतो आणि बोलीभाषेत त्याला ‘एमओएच’ म्हणतात. एकट्या के पूर्वमध्ये २०११ साली ८ लाख २४ हजार माणसे राहत होती. महाराष्ट्रातल्या अनेक महापालिकांची लोकसंख्याही इतकी नाही.

नोंदी येतात कोठून

सर्वांत जुना स्रोत जन्म-मृत्यू नोंदणीचा. १९६९ च्या कायद्यानुसार घटना घडल्यापासून २१ दिवसांत ती कळवावी लागते. मृत्यूसोबत कारणाचा वैद्यकीय दाखलाही जोडावा लागतो. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी चार क्रमांकाचा नमुना आहे, घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-ए. दाखल्यावर डॉक्टरने नुसते ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले, तर तो मृत्यू आकडेवारीच्या दृष्टीने जवळजवळ वाया जातो, कारण हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. मधुमेहातून मूत्रपिंड निकामी झाले आणि त्यातून मृत्यू ओढवला, अशी साखळी लिहिली तरच वॉर्डात मधुमेहाने किती बळी घेतले हे समजते.

दुसरा स्रोत साथरोग सर्वेक्षणाचा. केंद्र सरकारने २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला आणि माहितीचे तीन नमुने ठरवले. क्षेत्रीय कर्मचारी लक्षणांवरून भरतात तो एस, डॉक्टर तपासून संशयित म्हणून भरतात तो पी आणि प्रयोगशाळेत निदान पक्के झाल्यावर भरला जातो तो एल. पूर्वी ही पत्रके आठवड्याला जात, आता ऑनलाइन प्रणालीत रोज नोंद करता येते. एस नमुना लवकर हाती येतो पण ढोबळ असतो, तर एल नमुना खात्रीचा असला तरी उशिरा येतो. साथ ओळखायची तर दोन्ही जोडून पाहावे लागतात.

तिसरा स्रोत घरोघरचा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांशी जोडलेल्या आरोग्यसेविका आणि आशा ठरवून दिलेल्या घरांना नियमित भेटी देतात. गरोदर स्त्रिया, नवजात बाळे, लस चुकलेली मुले, ताप-खोकल्याचे रुग्ण यांची नोंद त्यांच्या वहीत होते. पत्ता नसलेल्या गल्लीतले घर कोणते, कोणते कुटुंब गावाला गेले आहे, कोणत्या खोलीत नवे भाडेकरू आले, हे त्या वहीइतके संगणकालाही ठाऊक नसते.

याशिवाय कीटकनाशक विभाग डासांच्या पैदाशीची नोंद ठेवतो, जल विभाग पाण्याचे नमुने तपासतो आणि हवामापन केंद्रे सूक्ष्म धूलिकण मोजतात. पिण्यास अयोग्य ठरलेल्या पाण्याच्या नमुन्यांची वॉर्डनिहाय टक्केवारी महापालिकेच्या पर्यावरण स्थिती अहवालात छापली जाते. या नोंदी आजाराच्या नसल्या, तरी आजार येण्याआधीच्या असल्याने अनेकदा अधिक उपयोगी ठरतात.

विहिरींपासून गच्चीवरच्या टाक्यांपर्यंत

नोंदीवरून उपाय ठरवण्याची मुंबईची परंपरा शतकाहून जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. त्या काळी शहरातल्या मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. कोणत्या भागात मृत्यू नेहमीपेक्षा वाढले, हे त्या पत्रकांवरून दिसे आणि साथीची वाटचाल कळे.

उपनगरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम हिवतापाचे. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. त्या काळी एखाद्या भागात हिवताप किती मुरला आहे, हे पाहण्यासाठी शाळकरी मुलांची पाणथरी तपासण्याची रीत होती. पाणथरी वाढलेली मुले जिथे जास्त, तिथे हिवतापाचे ठाणे. बेंटलींच्या तपासात बोट घरगुती विहिरींकडे गेले. ॲनोफिलीस स्टिफेन्सी हा डास दलदलीपेक्षा विहिरी आणि टाक्यांच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा आग्रह सुरू झाला, तेव्हा धार्मिक विधींना विहिरीचेच पाणी लागते म्हणून विरोध झाला. त्यावर तोडगा म्हणून काही विहिरींना जाळीच्या झडपा बसवल्या गेल्या. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हाही अपराधी हाच डास होता.

महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. विहिरी मागे पडल्या आणि त्यांची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी, तळघरांत साचलेल्या पाण्याने आणि बांधकामांवरच्या पिंपांनी घेतली. डास तोच राहिला, त्याचा पत्ता तेवढा बदलला.

आकडा वाचण्याची रीत

नुसती रुग्णसंख्या फसवी असते. समजा, एका महिन्यात के पूर्व आणि टी या दोन्ही वॉर्डांत डेंगीचे १०० रुग्ण आढळले. २०११ च्या लोकसंख्येने भागल्यास अंधेरी पूर्वेत लाखामागे १२ रुग्ण पडतात आणि ३ लाख ४१ हजार वस्तीच्या मुलुंडमध्ये २९. म्हणजे आकडा सारखा असूनही मुलुंडमधला धोका दुपटीहून मोठा. म्हणून तुलना नेहमी दराने करतात. इथेच दुसरी अडचण उभी राहते. २०११ नंतर जनगणना न झाल्याने छेदस्थानी बसणारी लोकसंख्या जुनी किंवा अंदाजाची असते. मधल्या काळात जुन्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि वॉर्डावॉर्डांतली माणसांची वाटणी बदलली.

तिसरी गोष्ट तपासणीची. डेंगीची झटपट चाचणी अनेक खासगी लॅब करतात. पण शासकीय आकडेवारीत एलायझा पद्धतीने पक्का झालेला रुग्णच निश्चित धरला जातो. त्यामुळे सोसायटीत ‘आमच्याकडे दहा जणांना डेंगी झाला’ असे म्हणतात आणि वॉर्डाच्या तक्त्यात तीनच दिसतात. दोन्ही बाजू आपापल्या व्याख्येने बरोबर असतात.

चौथी गोष्ट कळवणाऱ्यांची संख्या. पावसाळी आजारांचा आकडा २०२४ मध्ये महापालिकेला २२ केंद्रांकडून मिळत होता. २०२५ मध्ये खासगी रुग्णालये, लॅब आणि दवाखाने धरून अशी ८८० केंद्रे झाली. साहजिकच काही आजारांचे आकडे चढले. अशी वाढ खरोखर साथीची आहे की मोजदाद सुधारल्याची, हे ठरवायला दोन्ही वर्षी कळवणाऱ्या जुन्या केंद्रांचीच तुलना करणे, किंवा शंभर तपासण्यांमागे किती बाधित निघाले ते पाहणे, हे दोन सोपे मार्ग आहेत. एका वर्षाच्या चढउतारावरून आरोळी ठोकण्यापेक्षा त्याच महिन्याची मागच्या पाच वर्षांची सरासरी समोर ठेवली, तर चित्र स्पष्ट होते.

मोजदादीतली चूक कधी उलट दिशेनेही जाते. जून २०२० मध्ये कोविडच्या मृत्यूंचा ताळमेळ घातला गेला, तेव्हा आधी न धरलेले ८६२ मृत्यू मुंबईच्या खात्यात वाढवावे लागले. रुग्णालये, वॉर्ड आणि मुख्यालय यांच्या याद्या वेळच्या वेळी ताडून पाहणे हा आरोग्यमाहितीच्या कामाचा कंटाळवाणा, पण टाळता न येणारा भाग आहे.

हिवताप: एका काचपट्टीचा प्रवास

स्थानिक माहितीचा उपयोग सर्वांत बारकाईने दिसतो तो हिवतापात. तापाचा रुग्ण दवाखान्यात येतो. त्याच्या बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसला की रुग्णाचे नाव-पत्ता वॉर्डाच्या यादीत चढतो. तिथून काम दोन वाटांनी सुरू होते. आरोग्य खात्याचा कर्मचारी रुग्णाकडे जाऊन औषध पूर्ण होते आहे का ते पाहतो, कारण व्हायव्हॅक्स प्रकारात यकृतात दडलेले परजीवी मारण्यासाठी १४ दिवसांच्या गोळ्या लागतात आणि ताप उतरला की माणसे त्या सोडून देतात. कीटकनाशक विभागाचा कर्मचारी त्याच सुमारास आजूबाजूच्या घरांत, गच्च्यांवर आणि बांधकामांवर डासांच्या अळ्या शोधतो.

हा शोध पत्त्यावर अवलंबून असतो. इमारतीचे नाव आणि खोली क्रमांक मिळाला तर काम अर्ध्या तासाचे. ‘असल्फा, टेकडीवर, मंदिरामागे’ एवढाच पत्ता असला तर घाटकोपरच्या डोंगर उतारावर दिवस निघून जातो. बांधकामावरचा मजूर गावचाच पत्ता सांगतो आणि यादीतून निसटतो. म्हणून रुग्णाचा राहता पत्ता, कामाचे ठिकाण आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांतला प्रवास हे तीनही रकाने भरणे उपचाराइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

२०१० मध्ये मुंबईत हिवतापाचे ७६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि १४५ जण दगावले. त्यानंतर बांधकामांवरच्या मजुरांची रक्ततपासणी, टाक्यांना घट्ट झाकणे, भंगार हलवणे आणि नोटिसा यांवर भर आला. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३८१ब डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागामालकावर कारवाईचा अधिकार देते. टाकीवर चढायला शिडीच नसेल तर तपासणी होत नाही, म्हणून शिडी बसवण्याचा आग्रहही धरला जातो. २०१९ पर्यंत वर्षाचे रुग्ण साडेचार हजारांच्या आत आले. २०२३ आणि २०२४ मध्ये ते पुन्हा सात हजारांवर गेले.

या आजारात वेळेचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पाऊस पडल्यावर अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. बाधित माणसाला चावलेल्या डासात परजीवी तयार व्हायला आणखी दहा-बारा दिवस, आणि नव्या माणसाला चावल्यापासून ताप येईपर्यंत पुन्हा दहा ते चौदा दिवस. म्हणजे आज वॉर्डाच्या तक्त्यात वाढलेला आकडा महिन्याभरापूर्वीच्या उघड्या टाकीचा असतो. फक्त रुग्णसंख्येकडे पाहून फवारणी करणारा वॉर्ड महिना उशिरा धावतो. अळ्यांच्या पाहणीची नोंद पाहणारा वॉर्ड वेळेवर पोहोचतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सल्ला याच हिशेबातून आला आहे. दर सात दिवसांनी पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून पुसला, की अळीचा डास व्हायच्या आत साखळी तुटते.

कोविडमध्ये उपनगरांची नोंद

कोविडच्या काळात वॉर्डनिहाय आकडे पहिल्यांदाच रोज सामान्य माणसाच्या हाती आले. रुग्णवाढीचा सरासरी दर, रुग्ण दुपटीचे दिवस आणि सील केलेल्या इमारती यांचा तक्ता महापालिका प्रसिद्ध करत असे. जून २०२० मध्ये या तक्त्यात एक बदल दिसला. दाट वस्तीच्या मध्य मुंबईत वाढ मंदावत होती, पण मुलुंड, भांडुप, बोरिवली, कांदिवली, मालाड आणि दहिसर या उत्तरेकडच्या पट्ट्यात दर चढा होता. २२ जूनला याच पट्ट्यासाठी ‘मिशन झिरो’ सुरू झाले. ५० फिरते दवाखाने वस्त्यांमध्ये पाठवून तपासणी, विलगीकरण आणि संपर्कातल्यांचा शोध वाढवला गेला. एकूण रुग्णसंख्येचाच क्रम पाहिला असता, तर साधने दुसरीकडे गेली असती. वाढीच्या दराने उद्याची अडचण आजच दाखवली.

त्याच महिन्यात वॉर्डावॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या. लॅबचे बाधित अहवाल आधी महापालिकेकडे येत, वॉर्डनिहाय वेगळे केले जात आणि वॉर रूममधून रुग्णाला फोन जाई. कोणाला घरी ठेवायचे, कोणाला केंद्रात आणि कोणाला रुग्णालयात, हे लक्षणे आणि वय पाहून ठरे.

रोजच्या तक्त्यात न दिसणारी बाजू रक्ततपासणीच्या पाहणीतून पुढे आली. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसरचा आर उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि माटुंग्याचा एफ उत्तर या तीन वॉर्डांत ६,९३६ नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के, तर इमारतींत १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. एकाच वॉर्डात, रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे संसर्गाचे प्रमाण इतके वेगळे होते, आणि त्यातले बहुसंख्य लोक कधी रुग्ण म्हणून मोजलेच गेले नव्हते. दाटीची वस्ती आणि सामायिक शौचालये ही त्यामागची महत्त्वाची कारणे मानली गेली. वॉर्डाची सरासरी काढली असती तर ती ना झोपडपट्टीला लागू पडली असती, ना इमारतीला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत चित्र पालटले आणि रुग्ण प्रामुख्याने इमारतींतून येऊ लागले. तेव्हा पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेली इमारत सील करण्याचा नियम लागू झाला.

पूर, उंदीर आणि लेप्टो

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर आणि गुराढोरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात आणि साधारण एक-दोन आठवड्यांत ताप येतो. त्यामुळे लेप्टोसाठी पावसाचा आकडा हाच आगाऊ इशारा ठरतो. पर्जन्यमापकांवरून कोठे पाणी साचले, अंधेरी सबवेसारखी ठिकाणे किती वेळ पाण्याखाली राहिली, हे त्याच दिवशी कळते. पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे आवाहन महापालिका दर पावसाळ्यात करते. धोक्याची पातळी एकदाच पाण्यातून चाललेले, जखम असताना चाललेले आणि कामानिमित्त रोज पाण्यात उतरणारे अशा तीन गटांत मोजली जाते आणि औषधाचे वेळापत्रक त्यानुसार बदलते.

उंदरांचीही मोजदाद होते. रात्रपाळीच्या मूषक संहारकांना एका रात्रीत ३० उंदरांचे लक्ष्य असते. ते कुठून सहज पूर्ण होते, याची नोंद कचरा आणि गटारांची अवस्था सांगते. कोणत्या बाजारामागे किंवा खाऊगल्लीत उंदीर पुन्हा पुन्हा सापडतात, हे कळले की घनकचरा विभागाला तिथली कचरापेटी आणि उचलण्याची वेळ बदलता येते.

क्षय आणि गोवर: यादीबाहेरचे रुग्ण

क्षयरोगाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे मोठे भोक होते. रुग्ण आधी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जात आणि त्यांची नोंद सरकारकडे होत नसे. मे २०१२ मध्ये क्षयरुग्ण कळवणे सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंद सुरू झाली. आधीच्या डिसेंबरमध्ये हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जवळपास कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जाहीर केले होते आणि मुंबईत खळबळ उडाली होती. पुढे क्षयरोग कार्यक्रमासाठी शहराचे वॉर्डनिहाय २४ जिल्हे करण्यात आले. २०१४ पासून पाथ या संस्थेने खासगी डॉक्टर, लॅब आणि औषध दुकाने जोडणारा प्रकल्प राबवला. रुग्णाला मोफत तपासणी आणि औषधे मिळाली, तर डॉक्टरकडून नोंद मिळाली. असे प्रयत्न सुरू झाले की नोंदलेले रुग्ण वाढतात. क्षयाच्या बाबतीत ही वाढ सुरुवातीला शुभ मानावी लागते, कारण आजवर यादीबाहेर असलेला रुग्ण उपचाराखाली आलेला असतो.

गोवराने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीत गोवराची साथ पसरली आणि मालवणीसह इतर भागांतही रुग्ण आढळले. कोविडच्या काळात लसीकरणाचा खंड पडलेली मुले शोधायला घरोघर पाहणी झाली. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा, तर जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांतही बरेच रुग्ण होते तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही लस देण्यात आली. वयाचा रकाना भरलेला होता, म्हणूनच हा निर्णय घेता आला.

गाजावाजा न करणारे आजार

साथीचे आकडे वर्तमानपत्रात येतात, रक्तदाब आणि मधुमेहाचे येत नाहीत. हे आजार लक्षणांशिवाय वाढतात आणि दवाखान्याच्या नोंदीत उशिरा दिसतात. म्हणून त्यांच्यासाठी निवडक घरांची पाहणी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘स्टेप्स’ पद्धतीने मुंबईत २०२१ मध्ये सुमारे सहा हजार प्रौढांची पाहणी झाली. त्यात ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि १८-१९ टक्के लोकांना वाढलेली साखर आढळली. रक्तदाब असलेल्यांपैकी बहुतेक उपचाराविना होते. त्यानंतरच्या काळात रुग्णालयांत तिशीपुढच्यांच्या तपासणीचे कक्ष आणि वस्त्यांत घरोघर तपासणी यांवर जोर दिला गेला.

तपासणीत आढळलेला रुग्ण उपचाराला टिकतो का, हे दवाखान्याच्या वेळेवरही अवलंबून असते. सकाळी आठची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या माणसाला दुपारी बंद होणारा दवाखाना असून नसल्यासारखा. ‘आपला दवाखाना’ योजनेत रात्री दहापर्यंतची वेळ ठेवली गेली, ती या गरजेला धरून. किती लोकांच्या तपासण्या झाल्या यापेक्षा सहा महिन्यांनी किती जणांचा रक्तदाब आटोक्यात राहिला, हा इथे खरा निकष.

हवेचा आकडा आणि काम थांबवण्याचा निर्णय

अंधेरी, बोरिवली, मालाड, भांडुप अशा ठिकाणी हवेचे मोजमाप होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली: एक एकरापेक्षा मोठ्या जागेभोवती ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण, राडारोडा झाकून नेणे, पाण्याचे फवारे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पुढचे पाऊल उचलले गेले. बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात हवेचा निर्देशांक सतत २०० च्या वर राहिल्याने तिथली सर्व खासगी आणि सरकारी बांधकामे थांबवण्याचा निर्णय आयुक्त भूषण गगराणी यांनी जाहीर केला; हवा सुधारल्यावर जानेवारीत निर्बंध उठले. संपूर्ण शहराच्या सरासरीवर असा निर्णय घेता आला नसता. हवेच्या आकड्याला दम्याच्या आणि श्वसनविकाराच्या रुग्णांची वॉर्डनिहाय नोंद जोडली, तर प्रदूषणाची खरी किंमत कळू शकते.

वस्ती काय करू शकते

आकडे महापालिकेत जमा होत असले, तरी ते वापरण्याचा मक्ता तिच्याकडे नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती अपेक्षित आहे. सोसायटीची कार्यकारिणी, चाळ कमिटी आणि गणेश मंडळही हे काम करू शकतात. टाक्यांची झाकणे दर आठवड्याला पाहून तारीख लिहिणे, जुलाबाचे रुग्ण एकाच नळाच्या रांगेत वाढले तर पाण्याचा नमुना तपासायला देणे, लस चुकलेल्या मुलांची यादी आरोग्यसेविकेला कळवणे, एवढ्या तीन नोंदींनीही बराच फरक पडतो. तक्रार करताना ‘इथे खूप डास आहेत’ म्हणण्यापेक्षा ‘तीन आठवड्यांत एका विंगेत हिवतापाचे चार रुग्ण, शेजारच्या प्लॉटवर पाणी साचलेले’ असे लिहिले, तर वॉर्ड ऑफिसला टाळाटाळ करणे अवघड जाते.

न मिळणारी माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. प्रजा फाउंडेशन ही संस्था याच मार्गाने आकडे मिळवून मुंबईच्या आरोग्यसेवेवर अहवाल प्रसिद्ध करते. दर १५ हजार लोकांमागे एक सरकारी दवाखाना या मापाशी वॉर्डाची तुलना केली, की कोणत्या भागात किती दवाखाने कमी पडतात हे समोर येते आणि अर्थसंकल्पातल्या मागणीला आधार मिळतो.

सांभाळायच्या गोष्टी

स्थानिक आकडा जितका बारीक, तितकी व्यक्ती ओळखू येण्याची भीती मोठी. क्षय किंवा एचआयव्हीचा ‘एका मजल्यावरचा एक रुग्ण’ अशी नोंद बाहेर आली तर त्या घराचे जगणे अवघड होते. म्हणून जाहीर तक्ते वॉर्डाच्या किंवा मोठ्या वस्तीच्या पातळीवर ठेवायचे आणि नावे-पत्ते उपचार करणाऱ्यांपुरतेच राखायचे, हा संकेत आहे. दुसरी अडचण पत्त्याची. मुलुंडचा रहिवासी अंधेरीत नोकरी करतो आणि घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात दाखल होतो. त्याची नोंद रुग्णालयाच्या वॉर्डात राहिली, तर डास मुलुंडमध्ये आणि फवारणी घाटकोपरमध्ये होते. तिसरी गोष्ट शिक्षेची. आकडा वाढला म्हणून वॉर्डाचे अधिकारी किंवा आरोग्यसेविका यांना धारेवर धरले, तर पुढच्या महिन्यात आजार तेवढाच राहतो आणि नोंद मात्र घटते. प्रामाणिक मोजणीला संरक्षण देणे आणि नोंदीनंतर काही न करण्याबद्दल जाब विचारणे, असा क्रम ठेवला तरच आकडे विश्वासार्ह राहतात.

उपनगरांच्या अनुभवातून कोणताही स्थानिक आकडा कामाचा ठरण्याच्या चार अटी निघतात. त्याला नेमकी जागा हवी, योग्य छेद हवा, कारवाईची मुदत आणि जबाबदार व्यक्ती हवी आणि उपायानंतर तोच आकडा पुन्हा मोजला जायला हवा. हिवतापात २०१० नंतर या चारही अटी बऱ्याच अंशी पाळल्या गेल्या आणि रुग्ण घटले. रक्तदाब, मधुमेह आणि हवेच्या बाबतीत पहिल्या दोन अटींवर काम सुरू झाले आहे. उरलेल्या दोन पूर्ण करणे हे पुढचे काम आहे.